रोहिणी ते स्वाती, घाई न करता

एलिट डेंजरस या खेळात आपली आकाशगंगा पूर्ण आकारात उभी केलेली आहे. सुमारे ४०० अब्ज तारे, आणि त्यांतल्या पुष्कळांभोवती ग्रह, उपग्रह, कडी, धूमकेतूसारख्या लांबट कक्षांत फिरणारे गोळे. त्यातले दीड लाखाच्या आसपास तारे खगोलशास्त्रज्ञांच्या खऱ्या याद्यांमधून उचललेले आहेत, बाकीचे भौतिकीच्या नियमांना धरून संगणकाने घडवलेले. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आणला. त्याआधी १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोघांनी मूळचा एलिट लिहिला होता, तोही अवकाशातल्या व्यापाराचाच.

एवढी मोठी जागा मिळाल्यावर माणसं तिथं काय करतात, तर बहुतेक जण पैसे कमावतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. मोठं जहाज घ्यायचं म्हणून खाणीत राबायचं, हुद्दा वाढवायचा म्हणून त्याच दोन स्थानकांमध्ये टपाल पोचवत राहायचं. दाव्ह्ज होप नावाची एक ओसाड वस्ती आहे, तिथं विखुरलेलं साहित्य गोळा करायचं, खेळातून बाहेर पडायचं, परत आत यायचं म्हणजे ते सगळं पुन्हा जागच्या जागी हजर, आणि पुन्हा गोळा करायचं. हे सगळं लोक हौसेनं करतात असं मला पहिल्यांदा वाटलं. माझा मावसभाऊ पुण्यात असतो, तोच मला या खेळात घेऊन आला. तो म्हणाला, "हौस कसली ताई, ग्राइंड आहे तो. करावाच लागतो."

करावा लागत नाही. संध्याकाळचा तास-पाऊण तास मिळेल तेवढाच देऊन, कशाच्याही मागे न धावता हा खेळ मी खेळले. त्यात जे पाहिलं ते ग्राइंड करणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेलं नसेल.

सुरुवातीला प्रत्येकाला साइडवाइंडर नावाचं छोटं जहाज फुकट मिळतं आणि हातात १,००० क्रेडिट असतात. त्यात मी स्थानकांमध्ये निरोप पोचवण्याची छोटी कामं घेतली, वाटेत लागणाऱ्या ताऱ्यांची आणि ग्रहांची पाहणी करून ती माहिती विकली. पाहणीचे पैसे सुरुवातीला किरकोळ वाटतात, पण पाण्याचा किंवा पृथ्वीसारखा ग्रह सापडला की एकदम लाखांत मिळतात. यथावकाश डायमंडबॅक एक्सप्लोरर घेतलं. ते साधारण १९ लाख क्रेडिटला मिळतं. त्यात बसवलेला सर्वांत चांगल्या प्रतीचा फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारं यंत्र, त्या जहाजापेक्षा महाग पडला. बाकी सगळं मात्र हलक्यात हलकं घेतलं, कारण वजन कमी तर उडी लांब. बंदुका काढून टाकल्या. ताऱ्याच्या कडेनं उडताना इंधन भरून घेणारा स्कूप बसवला, ग्रहांचे नकाशे घेणारा स्कॅनर बसवला, उतरताना आपटलं तर असू दे म्हणून छोटीशी ढाल ठेवली. एका उडीत तीसपेक्षा जास्त प्रकाशवर्षं. मला एवढं पुरेसं होतं आणि अजूनही आहे.

आता जायचं कुठं, हा प्रश्न होता.

आमचं घर शेतीचं. सांगलीकडच्या गावात नक्षत्रं आकाशात नसतात, पावसात असतात. रोहिणीचा पाऊस पडला का, मृग निघाला का, आर्द्रा कोरड्या गेल्या, यंदा हत्ती बरसला. वडील पंचांग उघडून प्रत्येक नक्षत्राचं वाहन वाचायचे, बेडूक असेल तर खूश व्हायचे. मे अखेरीपासून ते दिवाळीच्या आसपासपर्यंत ओळीनं बारा नावं मला पाठ होती: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. पण पावसाचं नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते. त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबर मावळतं, दिसत कधीच नाही. वर ढग असतात ते वेगळंच. ही बारा नावं आयुष्यभर ऐकली आणि त्यांतले चार-पाचच तारे मला आकाशात बोट दाखवून सांगता आले असते.

म्हणून ठरवलं, रोहिणीपासून स्वातीपर्यंत जायचं. पावसाच्या क्रमानं.

मावसभावाला नकाशा पाठवला तर त्याचा लगेच फोन आला. "ताई, रूट पूर्ण उलटसुलट आहे. मृग तेराशे प्रकाशवर्षं लांब आणि पुनर्वसू चौतीस. जवळचे सगळे आधी उरक, मग लांबचे दोन-तीन कर. निम्म्या उड्या वाचतील."

"पाऊस तुझ्या रूटनं पडतो का रे?" मी विचारलं.

तो हसला, पण मी ते अगदी खरं बोलत होते. उड्या वाचवून मला करायचं काय होतं? वाचलेल्या वेळात मी पुन्हा उड्याच मारणार.

रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर. खेळातल्या माणसांच्या वस्तीचा जो भाग आहे, ज्याला सगळे बबल म्हणतात, त्याच्या आतच. नकाशावर वाट आखायची, जहाजाचं तोंड वळवायचं, यंत्र भारतं, उलटी मोजणी होते, बोगद्यासारख्या उजेडातून जाऊन धप्पकन समोर पुढचा तारा. प्रत्येक ठिकाणी एक मोठा भोंगा वाजवून स्कॅनर चालवायचा, म्हणजे त्या ताऱ्याभोवती काय काय आहे ते कळतं. मग ताऱ्याच्या कडेनं इंधन भरायचं आणि पुढं. इंधन सगळ्या ताऱ्यांवर मिळत नाही. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या सात वर्गांच्या ताऱ्यांवरच मिळतं. नकाशात तशी गाळणी लावून ठेवली की काळजी मिटते. तपकिरी बटू ताऱ्यांच्या रांगेत अडकून टाकी संपलेल्यांना इंधन नेऊन देणारा फ्युएल रॅट्स हा खेळाडूंचाच एक स्वयंसेवी गट आहे, २०१५ पासून ते हे काम फुकट करतात. मला त्यांची गरज पडली नाही, पण कुणीतरी असं करतं हे कळल्यावर खूप बरं वाटलं.

रोहिणी समोर आली तेव्हा सगळी खिडकी नारिंगी झाली. सूर्याच्या चाळीसपट रुंदीची तारका आहे ती. इंधन भरून झाल्यावर मी जहाज वळवलं आणि पुढचं आकाश पाहिलं. आपल्याकडे रोहिणीचा शकट म्हणतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी ताऱ्यांची मांडणी. पृथ्वीवरून रोहिणी त्या गाड्यातच बसलेली दिसते. पण गाड्याचे बाकीचे तारे, हायडीज, दीडशे प्रकाशवर्षांवर आहेत. रोहिणी अर्ध्या वाटेच्याही अलीकडे आहे. मी रोहिणीपाशी होते आणि तो गाडा अजून समोरच होता, थोडा मोठा झालेला, रोहिणीवाचून. हे मी वाचलेलं होतं. वाचणं आणि रोहिणी मागे टाकून तो गाडा समोर पाहणं यांत फार अंतर आहे. त्या संध्याकाळी मी पुढची एकही उडी मारली नाही. एका छोट्या ग्रहावर उतरले आणि तिथून बघत बसले.

हे करता येतं याचं कारण सांगायला हवं, कारण थोडाच वेळ मिळणाऱ्या माणसाला तेच महत्त्वाचं आहे. जहाज जिथं असेल तिथं ठेवून बाहेर पडता येतं. परत आलात की तिथंच असता. आमच्याकडे वीज गेली, इंटरनेट बंद पडलं, तरी जहाज जिथल्या तिथं. मी सोलो पद्धतीनं खेळते. त्यात इंटरनेट लागतं, पण दुसरा खेळाडू समोर येत नाही, त्यामुळे कुणी येऊन गोळ्या घालण्याची भीती नाही. मुदत असलेली कामं मी घेतच नाही. मिशन असतात त्यांना वेळेची मर्यादा असते, आठवड्याच्या हिशोबानं चालणारे राजकारणाचे खेळ असतात, ते सगळे मी बाजूला ठेवले. पाहणी करून गोळा केलेली माहिती मात्र शिळी होत नाही. जहाज फुटलं तरच ती जाते, म्हणून उतरताना आणि ताऱ्याच्या उष्णतेत मी सावकाश असते. घरचं काम निघालं, पाहुणे आले, पंधरा दिवस खेळ उघडलाच नाही, तरी काहीच बुडत नाही. हप्ता नाही, मासिक वर्गणी नाही, एकदा विकत घेतला की झाला.

मावसभावाकडे फ्लीट कॅरियर आहे, भलंमोठं फिरतं तळजहाज. ५ अब्ज क्रेडिटचं, वर दर आठवड्याला त्याचा देखभालखर्च. त्यानं ते कष्टानं मिळवलं आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे, तो असायलाही हवा. पण तो खर्च भागवायला खाणीत जावं लागतं, हे त्यानंच मला सांगितलं.

मृगाला जायला बऱ्याच संध्याकाळी लागल्या. मृगशीर्षाच्या चांदण्यांऐवजी मी मृगाच्या आकृतीतल्या तेजोमेघाला जायचं ठरवलं. पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली साध्या डोळ्यांनाही धूसर डाग दिसतो, तो. १,३०० प्रकाशवर्षांहून थोडा पुढे. वस्ती मागे पडली की ताऱ्यांची नावं बदलतात, खरी नावं संपून सिन्यूफे वगैरे संगणकानं रचलेली नावं आकड्यांसकट सुरू होतात. त्याच बाजूला कॉल ७० हा मोठा विभाग आहे. तिथं जायला परवाना लागतो आणि तो परवाना कुणालाच मिळत नाही, त्यामुळे वळसा घालूनच जावं लागतं. त्यात काय असेल यावर खेळाडू वर्षानुवर्षं तर्क लढवत आहेत.

या वाटेवरच मी पहिल्यांदा चालून पाहिलं. मे २०२१ मध्ये ओडिसी ही भर आली तेव्हापासून जहाजातून उतरून ग्रहावर पायी फिरता येतं. विरळ वातावरणाच्या ग्रहांवर कुठं कुठं जीव असतात, खडकावर पसरलेले बुरशीसारखे, झुडपांसारखे, पापुद्र्यांसारखे. एका जातीचे तीन नमुने घ्यायचे, एकमेकांपासून ठरावीक अंतरावरचे, म्हणजे एक नमुना घेतला की पुढच्यासाठी काही शे मीटर चालावं लागतं. मला ही सक्ती फार आवडली. चालताना डोंगर दिसतात, क्षितिजावर दुसरा ग्रह उगवताना दिसतो. स्ट्रॅटम टेक्टोनिकास नावाची एक जात आहे, दिसायला अगदी साधी, जमिनीला चिकटलेली. तिच्या तीन नमुन्यांचे १ कोटी ९० लाख क्रेडिट मिळतात. म्हणजे एका संध्याकाळच्या फेरफटक्यात माझ्या जहाजासारखी दहा जहाजं. पैसे मिळवायला मी गेले नव्हते. फिरणाऱ्याला या खेळात पैसे मिळतातच, आणि हे नवीन आलेल्या माणसाला कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही.

तेजोमेघ लांबून जितका रंगीत दिसतो तितका आत गेल्यावर दिसत नाही, आत तो सगळीकडे विरळ पसरतो. म्हणून बाहेर काही उड्यांच्या अंतरावर थांबून पाहावा.

परत फिरताना काक्षी. आर्द्रा म्हणून जी तारा मानतात ती हीच. खेळात ती सुमारे ५०० प्रकाशवर्षांवर आहे. ही महाकाय तारा सूर्याच्या जागी ठेवली तर मंगळाच्या कक्षेपलीकडे पोचेल. इथं माझं जहाज जिथं थांबलं तिथून तिच्यापासून दूर जायलाच बराच वेळ लागला. मृगाची आकृती तिथून मोडते, कारण आकृतीचा एक खांदाच आपण झालेलो असतो. पण मागे वळून सूर्य शोधला तर तो साध्या डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडे गेलेला. नकाशावर बोट ठेवूनच कळलं की घर त्या बाजूला आहे. पावसाळ्यात आर्द्रा लागली की आई चुलीपाशी ओलं जळण सुकायला ठेवायची. ते आणि हे एकाच नावाचं आहे, यानं मी कितीतरी वेळ भारावून गेले होते.

पुनर्वसूपासून पूर्वा-उत्तरापर्यंत सगळं जवळचं. पुनर्वसूतला पोलक्स ३४ प्रकाशवर्षांवर, मघा ७९, उत्तरेची तारा ३६. वस्तीतले रस्ते, दर दुसऱ्या ताऱ्यावर स्थानक. पुनर्वसूचे दोन्ही तारे पाहिले, पुष्य आणि आश्लेषा एका संध्याकाळी झाले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

हस्तावर मात्र मी रेंगाळले. आमच्याकडे सूर्य हस्तात गेला की हादगा बसायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, रोज एक गाणं वाढत जायचं, शेवटी खिरापत ओळखायची. हस्त म्हणजे हात, आकाशात पाच तारे पंजासारखे. मी पाचही बोटांना जाऊन आले. सगळ्यांत जवळचं बोट ४९ प्रकाशवर्षांवर, एक ८७ वर, दोन दीडशेच्या आसपास आणि एक ३०० च्या पुढे. एका पंजात मावणारे तारे एकमेकांपासून इतके लांब! दुसऱ्या बोटावर पोचले तेव्हाच पंजा विस्कटायला लागला होता, शेवटच्यावरून मागे पाहताना तर तो ओळखूच आला नाही. पैशांच्या हिशोबानं पाहिलं तर या पाच ठिकाणांचे मला फारसे काही मिळणार नव्हते, सगळी आधीच शेकडो जणांनी पाहिलेली. तरी पूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त आनंद इथं झाला.

मध्येच मावसभावानं अभिजित सुचवलं. २५ प्रकाशवर्षांवर आहे, पण तिथं जायला फेडरेशन या खेळातल्या एका महासत्तेच्या नौदलातला हुद्दा लागतो. आपल्या सूर्यमालेत यायलाही तसाच हुद्दा लागतो, पेटी ऑफिसरचा. तो मिळवायचा म्हणजे फेडरेशनची कामं करत बसायचं, तेच टपाल, त्याच फेऱ्या. मी नाही म्हटलं. व्हॉयेजर यानं आजही खेळातल्या सूर्यमालेत खऱ्या दिशेनं जाताना दिसतात आणि ती मला पाहायची आहेत, हे खरं. वाटेत त्या बाजूची एखादी चांगली वाटणारी कामं समोर आली तर घेईन, हुद्दा वाढेल तेव्हा वाढेल. ध्रुवाचा तर प्रश्नच नाही, तो सगळ्यांनाच बंद आहे.

चित्रा अडीचशे प्रकाशवर्षांवर, वस्तीच्या कडेच्या बाहेर, निळसर पांढरी. प्रत्यक्षात ते दोन तारे आहेत, एकमेकांभोवती चार दिवसांत फेरी मारणारे, इतके जवळ की दोघांचा आकार ओढला जाऊन अंड्यासारखा झालेला. तिथून सरळ स्वाती, ३७ प्रकाशवर्षांवर, पुन्हा नारिंगी, रोहिणीची धाकटी बहीण वाटावी अशी. तिथं पोचल्यावर जवळच्या स्थानकात जाऊन इतक्या दिवसांची माहिती आणि नमुने विकले. रक्कम मोठी आली. जहाज मोठं घेण्याइतकी होती. मी त्यातून फक्त स्कूप चांगल्या प्रतीचा घेतला, इंधन लवकर भरतं म्हणजे पाहायला वेळ जास्त राहतो.

मावसभावाला सांगितलं तर आधी गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढं विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ. मी येऊ का? कॅरियरवर तुझं जहाज ठेव, एका उडीत पाचशे प्रकाशवर्षं नेतो."

"ये की," मी म्हटलं. "पण कॅरियर नको. ज्येष्ठेपर्यंतच्या मधल्या सगळ्या ताऱ्यांवर थांबायचं आहे मला. तुझ्याकडचं एखादं छोटं जहाज काढ, बंदुका उतरव."

"स्कूप कितीचा लागेल?"

"बसेल तेवढा मोठा. आणि शनिवारी दुपारी निघू, तुझ्या भाचीची परीक्षा संपली की."